तान्ह्या बाळाला घेऊन डिसेंबरात लंडनला जाताना

नाताळच्या सुट्टीत भावाकडे किंवा नणंदेकडे लंडनला जायचे फार आधीपासून ठरलेले असते आणि त्याच वर्षी घरात पाळणा हलतो. मग बेत रद्द करावा की बाळाला घेऊनच जावे, यावरून घरात दोन तट पडतात. एकीकडे "एवढ्याशा जिवाला तिकडच्या थंडीत कशाला न्यायचे" म्हणणारी आजी असते, तर दुसरीकडे "तिकडे काय मुले जन्माला येत नाहीत का" असे विचारणारा मामा असतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. लंडनमध्ये डिसेंबरात दिवसाचे तापमान साधारण ८ ते ९ अंशांपर्यंत जाते, रात्री ते ३ ते ५ अंशांवर उतरते आणि घरे आतून तापवलेली असतात. तिथे बाळाला त्रास होतो तो बहुधा हवेपेक्षा खोकणाऱ्या माणसांचा, अंगावर चढवलेल्या अति कपड्यांचा आणि आईवडिलांनी आखलेल्या धावपळीचा. म्हणून प्रवासाच्या तारखा बाळाच्या लसींवरून ठरवाव्यात, मुक्काम एकाच घरी करावा आणि शहर पाहण्याची हौस पुढच्या खेपेसाठी राखून ठेवावी. या लेखातील बाकी सर्व सूचना याच धोरणातून निघतात.

जायचे की नाही

बाळ सहा आठवड्यांचे होईपर्यंत हा प्रवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक विमान कंपन्या सात किंवा चौदा दिवसांच्या बाळालाही घेतात, पण कंपनी घेते म्हणून न्यावे असे नाही. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत आईच्या पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो आणि दहा तास एका जागी बसण्याने तो आणखी वाढतो. सिझेरियन झालेले असल्यास विशेषच. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर पडू देत नाहीत, त्या रीतीबद्दल कोणी काहीही म्हणो, या बाबतीत ती डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जवळच जाते. बाळ दिवसांआधी जन्मलेले असेल, तर त्याचे वय जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे आणि बालरोगतज्ज्ञांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तिकिटाचे पैसे भरू नयेत.

भारतातील सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी या लसी जन्मतःच दिल्या जातात आणि पुढील मोठे टप्पे ६, १० व १४ आठवड्यांवर येतात. यांतील पेंटाव्हॅलंट लशीत डांग्या खोकल्याविरुद्धचे संरक्षण असते, न्यूमोनियापासून बचाव करणारी न्यूमोकोकल लस ६ आणि १४ आठवड्यांवर दिली जाते, आणि हिवाळ्यातल्या बंद खोल्यांत याच आजारांची भीती अधिक असते. एक उदाहरण घेऊ. बाळाचा जन्म १० सप्टेंबरचा असेल, तर हे तीन टप्पे अनुक्रमे २२ ऑक्टोबर, १९ नोव्हेंबर आणि १७ डिसेंबर या दिवशी येतात. लशीनंतरचा ताप साधारणपणे पहिल्या दोन दिवसांत येऊन जातो, म्हणून २० किंवा २१ डिसेंबरचे विमान या बाळाला सोयीचे ठरेल. १८ तारखेचे ठरणार नाही, कारण तापलेल्या बाळाला घेऊन विमानतळावर उभे राहिल्यावर हा लशीचा ताप की दुसरा कसला, हे ठरवणे कोणालाच शक्य नसते. बाळ ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरात जन्मले असेल, तर हा हिवाळा सोडून द्यावा. लंडनच्या नातलगांनाच सुट्टीत पुण्याला बोलावणे तेव्हा अधिक शहाणपणाचे आहे.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्यामुळे बाळाभोवतीच्या मोठ्या माणसांनी ती घेणे हाच उपाय उरतो. आईवडिलांनी ती निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी आणि ज्यांच्याकडे उतरायचे त्यांनाही घ्यायला सांगावे. हे सांगताना अवघडल्यासारखे होते, पण बाळाला सर्दी झाल्यानंतरचे अवघडलेपण त्याहून मोठे असते.

कागदपत्रे

इथे सर्वांत जास्त वेळ जातो आणि त्याची सुरुवात बारशापासून होते. जन्माची नोंदणी २१ दिवसांच्या आत व्हायला हवी आणि ती रुग्णालयामार्फत होऊन जातेही, परंतु त्या वेळी नाव ठरलेले नसेल तर दाखल्यावर नावाची जागा रिकामी राहते. नाव नंतर घालून घेता येते. मात्र नाव नसलेल्या दाखल्यावर पासपोर्टचे काम पुढे सरकत नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो, त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही कागदावर भागत नाही. म्हणून बारशाचा समारंभ हवा तेव्हा करावा, पण नाव मात्र लवकर पक्के करून नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या नोंदीत घालावे, आणि आत्याला कुर्रर्र करण्याचा मान नंतर द्यावा.

नावाचे इंग्रजी स्पेलिंग आणि त्याची मांडणी याच वेळी नीट ठरवावी. मराठी रीतीप्रमाणे आपण मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहितो, तर पासपोर्टच्या अर्जात दिलेले नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात. जन्मदाखल्यावर मधले नाव असेल तर ते पहिल्या रकान्यात जाते, आणि पुढे व्हिसाच्या अर्जात व विमानाच्या तिकिटावर हुबेहूब तेच यावे लागते. तिकीट काढताना एजंटाने मधले नाव गाळले, तर ते त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावे.

अल्पवयीन मुलाच्या अर्जासोबत आईवडील दोघांच्या सह्यांचे 'परिशिष्ट डी' हे संमतिपत्र लागते आणि दोघांचेही मूळ पासपोर्ट केंद्रावर दाखवावे लागतात. चार वर्षांच्या आतील मुलांचे छायाचित्र घरून न्यावे लागते; ते पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे आणि ४.५ सेंटीमीटर उंच व ३.५ सेंटीमीटर रुंद असावे. दोन महिन्यांच्या बाळाचा असा फोटो काढणे ही एक कलाच आहे. स्टुडिओत नेण्यापेक्षा घरी खिडकीजवळ पांढरी, सुरकुती नसलेली चादर गादीवर घट्ट अंथरावी, दूध पिऊन झाल्यावर बाळ जागे आणि शांत असताना त्याला उताणे ठेवावे, आणि वरून, स्वतःची सावली पडणार नाही अशा बेताने, भरपूर फोटो काढावेत. डोळे उघडे, तोंड मिटलेले, कानटोपी नाही, कपाळावर तीट नाही आणि कोणाचा हात चौकटीत नाही, असा एक जरी निघाला तरी पुरे.

ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी तान्ह्या बाळाचाही स्वतंत्र अर्ज भरावा लागतो आणि शुल्कही मोठ्यांइतकेच पडते. पाच वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, पण छायाचित्रासाठी बाळाला व्हिसा केंद्रावर न्यावे लागते. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णय साधारणपणे तीन आठवड्यांत येतो; तथापि डिसेंबरातील गर्दी लक्षात घेता वर सांगितलेल्या उदाहरणातील बाळाचा पासपोर्ट ऑक्टोबरात आणि व्हिसाचा अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवा. आईवडिलांपैकी एकच जण बाळासोबत जाणार असेल, किंवा आईचे आणि बाळाचे आडनाव वेगळे असेल, तर जन्मदाखल्याची प्रत आणि दुसऱ्या पालकाचे सही केलेले संमतिपत्र हातातल्या पिशवीत ठेवावे. सीमेवरील अधिकारी नाते विचारू शकतात.

प्रवास विमा घेताना जाहिरात न वाचता अटी वाचाव्यात. भारतातील अनेक पॉलिसींमध्ये किमान वय तीन महिने किंवा सहा महिने असते, त्यामुळे "कुटुंबाचा विमा" काढूनही बाळ प्रत्यक्षात त्यात नसते असे घडू शकते. बाळाचे नाव, जन्मतारीख आणि त्या वयाला विमा लागू असल्याचे लेखी उत्तर घ्यावे. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल किंवा नवजात अतिदक्षता विभागात राहिलेले असेल, तर ते लपवू नये.

विमानात

मुंबईहून लंडनच्या हीथ्रो विमानतळाला थेट विमाने आहेत आणि चार पैसे जास्त पडले तरी तीच घ्यावीत. विशेषतः दिल्लीमार्गे जाणारे तिकीट या दिवसांत टाळावे, कारण डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत तिथल्या धुक्यामुळे विमाने तासन्‌तास रखडतात. पुण्याहून निघणाऱ्यांनी द्रुतगती मार्गावरील वाहतुकीचा अंदाज धरून वाटेत एकदा थांबून बाळाला दूध पाजण्याइतका वेळ हाताशी ठेवावा. शक्य असल्यास आदल्या दिवशीच मुंबईत नातलगांकडे मुक्कामाला जावे.

दोन वर्षांखालील मूल मांडीवर घेऊन प्रवास करता येतो आणि आंतरराष्ट्रीय मार्गांवर त्याचे भाडे मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के असते. भिंतीला अडकवायचा छोटा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, मोजक्याच आसनांसमोर लागतो; तिकीट काढल्या काढल्या कंपनीला फोन करून तो मागून घ्यावा आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा खात्री करावी. पट्टे बांधण्याची खूण लागली की बाळाला त्यातून उचलून मांडीवर घ्यावे लागते, मग ते नुकतेच झोपलेले का असेना. हे आधीपासून मनात धरले म्हणजे चिडचिड कमी होते.

कान दुखतात ते बहुधा विमान उतरताना. उतरण्याची सुरुवात जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी होते, म्हणून त्याआधीचे पाजणे थोडे लांबवून बाळाला तेव्हा अंगावर घ्यावे. गिळताना कानातील दाब समान होतो. वरचे दूध देत असल्यास बाटली त्या वेळेसाठी राखून ठेवावी. केबिनमधील हवा अतिशय कोरडी असते, त्यामुळे पाजणाऱ्या आईने स्वतःच्या पाण्याची काळजी घ्यावी, दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास पायात दाब देणारे मोजे घालावेत.

हातातल्या पिशवीत दर दोन तासांना एक या हिशेबाने डायपर आणि वर आणखी पाच, बाळाचे तीन जोड, दोन दुपटी, आणि आईसाठीही एक बदलायचा कुडता ठेवावा. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग दुधाच्या ओकारीचा वास हीथ्रोपर्यंत सोबत करतो. बाळाच्या दुधाला द्रवपदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून सवलत असते, पण सुरक्षा तपासणीत ते वेगळे काढून दाखवावे लागते. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येत असली तरी उतरल्यावर ती कधी दारात मिळते, तर कधी थेट सामानाच्या पट्ट्यावर येते. त्या दोन्हींच्या मधे लांबलचक चाल आणि इमिग्रेशनची रांग असते, म्हणून बाळाला छातीशी बांधायचे बेबी कॅरिअर अंगावरच असू द्यावे.

सामानात तूप, पेढे, खवा किंवा इतर दुधाचे पदार्थ घालू नयेत, कारण भारतातून ते ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे. बाळंतिणीच्या लाडवांचे काय, असा प्रश्न आजीला पडेलच. डिंक, खारकेची पूड आणि बदाम न्यावेत, तूप तिथल्या भारतीय दुकानातून घ्यावे आणि लाडू तिकडेच वळावेत. बाळाची दूध पावडर मात्र बंद डब्यात, माणशी दोन किलोपर्यंत नेता येते. बाळ ज्या पावडरीला सरावले आहे ती सुट्टीपुरती सोबत न्यावी.

घर, खोली आणि झोप

या भागाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण आपल्या सवयी आणि तिथली घरे यांचे इथे जमत नाही. आपण बाळाला थंडीत गुंडाळतो ते उघड्या खिडक्यांच्या, न तापवलेल्या घरात. लंडनच्या घरात रेडिएटर चालू असताना तेच झबले, वर स्वेटर, वर शाल, पायमोजे आणि कानटोपी असा थाट केला तर बाळ घामाघूम होते. झोपेत अंग अति तापणे हे बाळांच्या अचानक होणाऱ्या मृत्यूंमागचे एक ज्ञात धोक्याचे कारण आहे. ब्रिटनमधील आरोग्यसेवेच्या सल्ल्यानुसार बाळाच्या झोपण्याच्या खोलीचे तापमान १६ ते २० अंश असावे. मुंबईकराला ही खोली गार वाटेल. तरीही हीटर वाढवू नये. खोलीत एक साधा तापमापक टांगावा आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा.

बाळाला थंडी वाजते आहे की उकडते आहे, हे त्याच्या हातापायांवरून ओळखू नये, कारण लहान बाळांचे तळहात आणि तळपाय गारच लागतात. झबल्याच्या गळ्यातून दोन बोटे आत घालून छाती किंवा मानेची मागची बाजू चाचपावी. ती कोमट आणि कोरडी असेल तर कपडे योग्य आहेत, दमट किंवा गरम लागली तर एक थर कमी करावा. घरात झोपताना कानटोपी घालू नये, कारण बाळ डोक्यातून बरीच उष्णता बाहेर टाकते आणि सैल टोपी तोंडावरही सरकू शकते. ही एक सूचना घरातील ज्येष्ठांना पटवून देणे हे सगळ्या प्रवासातले सर्वांत अवघड काम ठरू शकते. त्यासाठी निघण्यापूर्वीच डॉक्टरांच्या तोंडून ती आजीच्या कानावर जाईल अशी व्यवस्था करावी.

बाळाने स्वतंत्र बिछान्यावर, पण आईवडिलांच्याच खोलीत, उताणे झोपावे. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपते आणि खाली बहुधा कापसाची टणक गादी असते. तिथे मात्र मऊ गादी आणि जाडजूड पिसांची दुलई असते, आणि ती दुलई रात्रीत बाळाच्या तोंडावर येऊ शकते. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढणे तर सर्वांत धोक्याचे. यजमानांना आधीच सांगून घडीचा पाळणा उसना किंवा भाड्याने मिळवावा. त्याची गादी टणक आणि कडेला फट न ठेवणारी असावी, आत उशी, तक्क्या, खेळणी काही नको, आणि पाळणा रेडिएटरला लागून नसावा. गोधडीऐवजी झोपण्याची पिशवी वापरावी. १६ ते २० अंशांच्या खोलीत २.५ टॉगची पिशवी आणि आत पूर्ण बाह्यांचे एक झबले पुरेसे होते. टॉग हे उबेचे माप पिशवीच्या लेबलवर छापलेले असते.

मालिश आणि अंघोळ बंद करण्याचे कारण नाही, फक्त वेळ आणि पद्धत बदलावी. त्या गारव्यात खोबरेल तेल बाटलीतच गोठते. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ते पातळ करून घ्यावे आणि आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावे. अंघोळ दुपारी, घर सर्वांत उबदार असताना घालावी आणि पाणी ३७ ते ३८ अंशांचे, म्हणजे कोपराला जेमतेम कोमट लागेल असे असावे. रोज अंघोळ घातलीच पाहिजे असेही नाही. शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी मात्र पूर्णपणे टाळावी. बाळाच्या श्वासाला धूर वाईट हे तर आहेच, शिवाय तिथल्या घरांत छताला धुराचा गजर बसवलेला असतो आणि तो वाजू लागला की झोपलेले बाळ, यजमान आणि शेजारी सगळे एकदम जागे होतात. बाळगुटी मधात उगाळून देण्याची पद्धत असल्यास तीही सोडावी. एक वर्षाच्या आत मध देऊ नये.

कोवळ्या उन्हात बाळाला धरण्याचाही तिथे उपयोग नाही. ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमधील ऊन त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करण्याइतके तीव्र नसते. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, बहुधा रोजचे ४०० युनिट, न चुकता चालू ठेवावेत आणि बाटली पुरेशी न्यावी.

वेळेतील फरक साडेपाच तासांचा आहे. पुण्यात पहाटे सहाला खेळायला उठणारे बाळ लंडनमध्ये रात्री साडेबाराला डोळे टक्क उघडून बसेल. सुरुवातीच्या काही रात्री असेच चालणार हे गृहीत धरून आईवडिलांनी पाळी वाटून घ्यावी. तीन महिन्यांच्या आतील बाळाचे दिवसरात्रीचे चक्र अजून पक्के झालेले नसते, त्यामुळे त्याला घड्याळाप्रमाणे वळवण्याचा हट्ट धरू नये. पाजण्यातील अंतर मोजावे, घड्याळातील वेळ नव्हे. सकाळी उजाडले की पडदे पूर्ण उघडावेत आणि रात्री पाजताना मंद दिवा व गप्प तोंड ठेवावे, एवढे पुरते. डिसेंबरअखेरीस तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो, तेव्हा उजेडाचे हे आठ तास वाया घालवू नयेत.

वरचे दूध तयार करताना तिथला नियम पाळावा. नळाचे ताजे पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी, पावडरीत घालावे, कारण पावडर स्वतः निर्जंतुक नसते. मग बाटली गार पाण्याच्या धारेखाली धरून पिण्याजोगी करावी. बाटल्या, बोंडले, वाटी-चमचा सर्व काही निर्जंतुक करूनच वापरावे.

बाहेर पडताना

घरच्या मोटारीतून नेताना बाळासाठी मागे तोंड करून बसवलेले आसन कायद्याने आवश्यक आहे. आपल्या सवयीप्रमाणे मांडीवर घेऊन चालत नाही. परवानाधारक टॅक्सीत योग्य आसन नसल्यास सूट आहे, परंतु हीथ्रोहून घरापर्यंतच्या मोटरवेवर त्या सवलतीचा फायदा घेऊ नये. यजमानांनी आसन आधीच बसवून आणावे. जाड थंडीचा कोट घालून बाळाला पट्टे बांधू नयेत, कारण कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. पट्टे अंगासरशी बांधून वरून दुपटे पांघरावे आणि गाडी तापली की ते काढावे. अगदी लहान बाळाला या आसनात अर्ध्या तासाहून अधिक सलग ठेवू नये, असा सर्वसाधारण सल्ला आहे.

बाहेर मोठ्यांपेक्षा एक थर जास्त हा हिशेब चालतो, आणि इथे कानटोपी हवीच. बसमध्ये, दुकानात किंवा घरात शिरताच मात्र टोपी आणि वरचा थर काढावा, बाळ झोपलेले असले तरीही. बाबागाडीवर पावसाचे पारदर्शक आवरण घालावे. शाल टाकून ती चारी बाजूंनी झाकू नये, आत हवा कोंडते. बस आणि एलिझाबेथ लाइन ही रेल्वे यांतून बाबागाडी नेणे सोपे आहे, कारण एलिझाबेथ लाइनच्या सर्व स्थानकांवर पायऱ्या न चढता फलाटापर्यंत जाता येते. जुन्या भुयारी स्थानकांत मात्र जिने आणि सरकते जिने आहेत. बसमधील मोकळी जागा व्हीलचेअरवाल्या प्रवाशासाठी आधी असते. तो चढला तर बाबागाडी घडी करावी लागते.

एका दिवसात एकच बाहेर पडणे, तेही दोन पाजण्यांच्या मधे, इतकेच ठेवावे. शेजारच्या उद्यानातील फेरी सर्वांत उत्तम. फार वाटले तर दक्षिण केन्सिंग्टनमधील नॅचरल हिस्टरी म्युझियम किंवा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम सकाळी उघडताच गाठावे. प्रवेश विनामूल्य आहे आणि डायपर बदलायला जागा आहे, तेव्हा तासाभरात परतले तरी काही बुडाले असे वाटत नाही. हाइड पार्कमधील नाताळची जत्रा, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील संध्याकाळ आणि ३१ डिसेंबरची थेम्सकाठची आतषबाजी यंदा दूरदर्शनवर पाहावी. सार्वजनिक ठिकाणी बाळाला अंगावर पाजण्याचा हक्क तिथे २०१० च्या समानता कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे कोणत्याही कॅफेत संकोच बाळगू नये.

नाताळचे दोन दिवस आणि आजारपण

२५ डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी रेल्वे, बस आणि आगगाड्या बंद असतात आणि मोठी दुकानेही कायद्याने बंद ठेवावी लागतात. २६ तारखेलाही वाहतूक तुटपुंजी असते. दक्षिण केन्सिंग्टनची संग्रहालये २४ ते २६ डिसेंबर बंद असतात. दिवाळीतही आपल्याकडे कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान उघडे मिळते, म्हणून ही शांतता आपल्या माणसांच्या कल्पनेत येत नाही. २३ तारखेपर्यंत डायपर, दूध पावडर, सलाइनचे थेंब आणि तापमापकाची जादा बॅटरी घरात यावी, आणि त्या दिवशी उघडे असणारे सर्वांत जवळचे औषधांचे दुकान व चोवीस तास चालणारे तातडीचे रुग्णालय कोणते, ते यजमानांकडून विचारून कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावे.

नाताळच्या जेवणाला माणसे जमतील आणि प्रत्येकाला बाळ हवे असेल. शाळांचे सत्र नुकतेच संपलेले असते, त्यामुळे लहान मुले सर्दी-खोकला घेऊनच येतात. मोठ्यांना जी साधी सर्दी वाटते त्या आरएसव्ही विषाणूने तान्ह्या बाळाला श्वास घेणे जड जाऊ शकते. हात धुवून मगच बाळाला घ्यावे, मुका घेऊ नये, आणि ज्याला सर्दी आहे त्याने खोलीच्या दारातूनच कौतुक करावे, हे यजमानांनीच पाहुण्यांना आधी सांगितलेले बरे. पाहुण्याने सांगितले तर राग येतो, घरच्याने सांगितले तर येत नाही.

तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असेल, अथवा तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ३९ अंश ताप असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. आपल्याकडे अनेक घरांत तापमापक फॅरनहाइटचा असतो. ३८ अंश म्हणजे १००.४. सल्ल्यासाठी १११ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध पिणे, बारा तास डायपर ओला न होणे किंवा एरवी सहज जागे होणारे बाळ उठवूनही नीट न जागे होणे, ही लक्षणे दिसताच मदत मागावी. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर थेट ९९९ लावावा. तातडीच्या विभागातील उपचारांसाठी आणि फॅमिली डॉक्टरच्या तपासणीसाठी पाहुण्यांकडून पैसे घेत नाहीत, परंतु बाळाला रुग्णालयात दाखल करावे लागल्यास परदेशी पाहुण्यांना नेहमीच्या दराच्या दीडपट आकारणी होते. विम्याचा फोन क्रमांक म्हणूनच लसीकरणाच्या पुस्तिकेच्या आतल्या पानावर लिहून ठेवावा.

परतीच्या प्रवासासाठी हेच सारे उलट्या क्रमाने करावे लागते, त्यात एकाच गोष्टीची भर पडते. मुंबईत जानेवारीतही दुपारी तापमान ३० अंशांच्या घरात असते, म्हणून पातळ सुती झबले आणि एक मलमलचे दुपटे सामानात न टाकता हातातल्या पिशवीत वरच ठेवावे, आणि विमान उतरू लागण्यापूर्वी, पट्टे बांधण्याची खूण लागण्याआधीच, बाळाचे लोकरीचे कपडे उतरवून घ्यावेत.